अर्ध्या जोराचा ट्रॅक्टर

"जोर करत नाही म्हणजे कुठे, काका? चढावर की चिखलात?" बॉनेट उघडत सुदारतने विचारलं.

"दोन्हीकडे," बुनल्यूकाका म्हणाले. "परवा खाचरात शेजाऱ्याची म्हैस माझ्या पुढे निघून गेली."

मून नदीकाठच्या त्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारी सुदारत एकटीच. काका सत्तरीचे, ट्रॅक्टर वीस वर्षांचा, छोटा. काकांची बायको खम्पाईमावशी चिकट भाताची टोपली मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

सुदारतने हवेचा फिल्टर काढला. स्वच्छ होता. डिझेलचा फिल्टर नवा, टाकीत पाण्याचा थेंब नाही. धूर काळा नव्हता. क्लच घसरत नव्हता, ब्रेक अडकत नव्हते. मग तिने पूर्ण रेस दिली. इंजिन अर्ध्यावर येऊन थबकलं.

ती खाली वाकली. रेसचा दांडा जिथे अडतो, तिथला स्क्रू कुणीतरी पिळून ठेवला होता. दांडा पुढे सरकूच नये इतका. स्क्रूवरचा जुना रंग नुकताच तडकलेला दिसत होता.

तिने मान वर केली. मावशी तिच्याकडेच बघत होती. काकांची दोघींकडे पाठ होती. मावशीने हळूच मान हलवली. नको.

गेल्या भातलावणीला काका ट्रॅक्टरसकट बांधावरून कालव्यात गेले होते. तीन बरगड्या मोडल्या. बरे झाल्यावर पुन्हा तोच वेग. मावशीचं रडून झालं, भांडून झालं. काका घरी किरकोळ दुरुस्ती करताना आयुष्यभर तिनेच त्यांच्या हातात पाने दिले होते.

स्क्रू सैल करायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. सुदारतने पाना खाली ठेवला.

"काका, इंजिन थकलंय. आता एवढाच जोर मिळणार. सावकाश चालवा."

"म्हणजे म्हैसच पुढे जाणार तर," काका उसासले.

मावशी उठली आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत जाऊन बसली. काका मागे रेंगाळले. हळू आवाजात म्हणाले, "स्क्रू दिसला ना तुला?"

सुदारत बॉनेट लावता लावता थांबली.

"मला तिसऱ्याच दिवशी दिसला. हल्ली मी शेतात असलो तरी ती वेळेवर जेवते. दारात उभी राहत नाही."

"मग इथे आणलात कशाला?"

काकांनी ट्रॉलीकडे एक नजर टाकली.

"मी तक्रारच केली नसती, तर मला कळलंय हे तिला कळलं असतं, पोरी."