गुळाचा खडा

सोनारकाकांनी पाच महिन्यांच्या रेवतीच्या कानातून सोन्याची तार आरपार काढली. रडली तर द्यायला आजीने गुळाचा खडा हातात धरला होता. रेवती हसत होती.

"किती गुणाची पोर!" शेजारीण म्हणाली.

रेवतीची आई मृदुला मात्र तिच्या कोरड्या डोळ्यांकडे बघत राहिली. कारखान्यात भट्टीवर कामाला लागताना, चटके जाणवू नयेत म्हणून तिने इंजेक्शन घेतलं होतं. वेदनेचा निरोप पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनांची साखळी त्याने कायमची तुटली होती. "हे फक्त तुमच्यापुरतं, मुलांत उतरणार नाही," डॉक्टर म्हणाले होते.

तिने रेवतीच्या मांडीला करकचून चिमटा काढला. रेवती खिदळली.

"नको, ताई," सोनारकाका हळूच म्हणाले. "भट्टी कॉलनीतलं हे सातवं बाळ. गूळ कुणालाच लागला नाही."