तिसरा दवाखाना

“कानातलं तेच, पण कानाची पाळी बघ,” मावशीनं पहिल्या दवाखान्याच्या भिंतीवरच्या दोन फोटोंकडे बोट दाखवलं. “आधीची बाई वेगळी, नंतरची वेगळी. ऊठ, चल.”

चष्मेवाली उठली. रुमालानं गाल झाकून तिच्या मागोमाग जिना उतरली. काउंटरवरची मुलगी वरून “अहो, तुमचाच नंबर आलाय!” म्हणत राहिली.

पोरगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, म्हणून मावशी तिला चष्मेवाली म्हणे. दिवसभर गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर आरसा धरायचं काम. चार महिन्यांपूर्वी तिच्या गालांवर पुटकुळ्यांचे डाग होते, बाकी काही नाही. ते घालवायला ती एका कातडीच्या डॉक्टरकडे गेली. त्याच्या मलमानं आधी आठवडाभर गोरी झाली, मग दोन्ही गाल भाजल्यासारखे लालकाळे पडले. मालकानं तिला आतल्या खोलीत काचा पुसायला बसवलं. चेहरा सुधारला नाही तर दुसरी बघतो, हेही ऐकवलं.

दोघींची ओळख त्याच डॉक्टरच्या बाकावरची. पहिल्या दिवशी पोरगी घाबरून परत निघाली होती. मावशीनं हाताला धरून तिला बसवलं. “अगं, हात हलका आहे त्याचा. माझ्याकडे बघ की!” उतारवयातही मावशीची कातडी लोण्यासारखी. पोरगी बसली.

आता तिथं कुलूप होतं. पाटी उतरली होती, फोन लागत नव्हता. आणि मावशी विचारत विचारत चष्म्याच्या दुकानात येऊन उभी राहिली होती. “मी तुला बसवलं ना तिथं? मग धड डॉक्टरही मीच शोधून देणार.”

“तुमचा काय दोष, मावशी? तुम्हीही फसलातच की,” पोरगी पुन्हा पुन्हा म्हणायची.

या वाक्यावर एरवी चुरचुरीत बोलणारी मावशी घाईनं दुसराच विषय काढायची. घरी ताटावर बसली तरी ते लालकाळे गाल समोर यायचे आणि ती अर्ध्या ताटावरून उठायची.

दुसऱ्या दवाखान्यात बाकावर एक जाडजूड बाई विणत बसली होती. “सात दिवसांत उजळले हो मी!” ती आपणहून सांगू लागली. “देवमाणूस आहे!”

मावशीनं तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं आणि पोरीला कोपरानं ढोसलं.

“ती पेशंट नव्हे,” बाहेर आल्यावर ती म्हणाली. “घरातल्या सपाता घालून आणि लोकरीचा गुंडा घेऊन कोण येतं गं दवाखान्यात? बसवलीय तिला.”

“तुम्हाला कसं कळतं हो हे सगळं?”

“केस काय उन्हात पांढरे झाले माझे?” असं म्हणून मावशी भराभरा पुढे निघाली. पोरीला तिच्याबरोबर पळावं लागलं.

तिसरा दवाखाना एका खोलीचा. भिंतीवर फोटो नाहीत, एक प्रमाणपत्र तेवढं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चेहऱ्यावर स्वतःच्याच दोन वांग.

“त्यावरचा नंबर वाच,” मावशीनं पोरीला हुकूम सोडला. “आणि फोनवर बघ, सरकारी यादीत आहे का.”

“अहो मावशी, असं तोंडावर...”

“बघू दे, बघू दे,” डॉक्टरीण हसली. “सगळ्यांनी बघितलं तर बरंच होईल.”

नाव यादीत होतं. मावशीचं समाधान झालं नाही. “हिचं तोंड पहिल्यासारखं होईल?”

“सांगता येत नाही. बरंचसं होईल. वर्ष लागेल.”

“आणि तुमच्या तोंडावरचे वांग?”

“ते उपद्रव देत नाहीत, मग कशाला छेडू?”

मावशी पोरीच्या कानाशी वाकली. “हीच. नाही म्हणताना जिची जीभ अडखळत नाही, तिच्या हाती तोंड द्यावं.”

डॉक्टरणीनं पोरीचा रुमाल बाजूला केला, दिवा जवळ ओढला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग मागे सरकली.

“आधी काय लावलं होतं?”

“डबीवर काही लिहिलं नव्हतं. तो स्वतः भरून द्यायचा.”

“ते कळल्याशिवाय मी औषध देणार नाही. चुकीचं पडलं तर हे डाग जन्मभर राहतील. त्याला विचारा.”

“पळाला तो,” पोरगी म्हणाली.

“मग निदान पोलिसांत तक्रार करा. असले लोक डॉक्टर नसतातच. आज इथून पळाला, उद्या दुसरीकडे पाटी लावेल. सापडला तर आत जाईल, तोवर आणखी दहा जणींचे गाल जाळेल.”

पोरीनं रुमाल पुन्हा तोंडाला लावला. हुंदका दाबायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायचे ते हललेच. मावशीनं तिचा हात आपल्या हातात घेतला, दाबला आणि सोडला.

मग तिनं पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर उलगडली. आत पिळून चपट्या झालेल्या तीन ट्यूबा आणि करड्या पावडरीची पिशवी होती.

“या तिन्हींतलं सारखं सारखं घ्यायचं. वर पावडर चमचाभर. कढत पाण्याच्या भांड्यावर ढवळायचं.”

डॉक्टरणीनं ट्यूबांवरची नावं वाचली. दोनदा वाचली. “तुम्ही त्याच्याकडे कामाला होता?”

“बाकावर बसायचे. येणारीचा धीर सुटू नये म्हणून.”

पोरीचा रुमाल गालावरून खाली आला.

“आणि तो आता कुठं आहे, ठाऊक आहे तुम्हाला?”

“घरी,” मावशी म्हणाली. “सकाळी त्याचं जेवण झाकून ठेवून आलेय. थोरला मुलगा आहे माझा.”