माडीवरची खिडकी

हळदीच्या व्यवहारासाठी चीनला गेलेल्या वैजनाथनं तिथल्या जुन्या व्यापाऱ्याचं बागेतलं घर बघितलं आणि हिंगोलीला आईला व्हिडिओ कॉल लावला.

"माय, हे बघ. मधी तळं, भवती खोल्या. अन् माडीवर ती जाळीची खिडकी दिसली का? घरातल्या बाया तिथूनच बाग बघायच्या. लहानपणीच पाय घट्ट बांधून ठेवलेले, जिना उतरवत नव्हता. सारा जलम वरच गेला त्यांचा."

"लई तकलीफ काढली रे बायांनी," पार्वतीबाई म्हणाल्या.

"व्हय. बरं, आपल्या नव्या बंगल्यापुढचा मोगरा फुलला का?"

माडीवरच्या आपल्या खोलीत पार्वतीबाईंनी दुखरे गुडघे चोळले.

"फुलला असंल बाबा. वास तर येऊन राहिला वर."