दहावी लाटी

गोदाआजीला जाऊन वर्ष झालं, तरी तिच्या हातचे पापड कारखान्यात रोज लाटले जात होते. शेवटच्या उन्हाळ्यात तिच्या हातांची बारीकसारीक हालचाल यंत्राने टिपून घेतली होती, आणि आता दोन यांत्रिक हात तिच्या जुन्या पोळपाटावर हुबेहूब तिच्यासारखे फिरत होते.

"ताई, एक खोट राहिलीय," यंत्र सांभाळणारा निषाद आजीच्या नातीला, हेमांगीला म्हणाला. "दर दहावी लाटी हा लाटतच नाही. तेलात बुडवतो आणि डावीकडे टाकून देतो. पीठ फुकट जातं. तेवढी हालचाल पुसून टाकू?"

हेमांगी बघत राहिली. यांत्रिक हाताने उडदाची लाटी तेलात बुडवली, डावीकडे नेली, जरा वेळ तशीच धरून ठेवली आणि मग सोडून दिली.

"हे टिपलं तेव्हा आजीजवळ कोण बसलं होतं?"

"कोणीच नाही. एकट्याच लाटत होत्या."

हेमांगीला गाव सोडून पंचवीस वर्षं झाली होती. त्या शेवटच्या उन्हाळ्यातही तिने सवड काढली नव्हती. चपला काढून ती पोळपाटाच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसली. थोड्या वेळाने तेलाने माखलेली लाटी घेऊन हात पुन्हा आला. पण तिच्या तोंडापर्यंत पोचला नाही. खालीच, चार वर्षांच्या पोरीच्या तोंडाशी यावा तसा थांबला.

"मग पुसू ना, ताई?" निषादने विचारलं.

हेमांगीने मान खाली वाकवली आणि तोंड उघडलं.