नाव घ्या, काकू

आप्पांना उद्या घरी सोडणार होते. उमरग्याच्या त्या दवाखान्यात आई आठ दिवसांनी पहिल्यांदा हसत होती. नळदुर्गहून आत्या धपाटे घेऊन आली होती. तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या.

"पेशंटचं नाव?"

आईनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई, ह्यांचं नाव कसं घ्यायचं?"

"उखाण्यात घ्या, काकू!" सगळा वॉर्ड ओरडला.

मी सांगायला तोंड उघडलं, तर आप्पांनी माझा हात दाबला. "तू गप गं. चाळीस वर्सांनी ऐकायला मिळतंय."

आई शब्द जुळवत राहिली आणि सिस्टरनी हसता हसता इंजेक्शन देऊन टाकलं. ते शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं होतं. संध्याकाळपर्यंत आप्पा गेले.

आज त्याच दवाखान्यात नव्या सिस्टरांचं प्रशिक्षण होतं. चूक कशी झाली ते सांगायला मला बोलावलं होतं. लिहून आणलेली दोन पानं मी घडी करून ठेवली आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला म्हणाले, "सिस्टर, मला पेशंटचं नाव विचारा."

तिनं बिचकत विचारलं.

"बलभीम धोंडिबा सुरवसे," मी मोठ्यानं सांगितलं.