रोज सातला पाया पडणं

योगीराज तेरखेड्याला बसमधून उतरून घरी पोचला, तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती. तीन वर्षांनी येत होता, तेही न कळवता.

दारातच थोरल्या भावाची बायको भेटली, अयोध्यावहिनी. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. ओसरीवर आई बसली होती. शुगरनं तिचे डोळे कधीच नेले होते.

तीन वर्षं तो पुण्यातून रोज सातला आईच्या पाया पडत होता. त्यानं स्क्रीनवर बोटं टेकवली, की इकडं तिच्या पायावर ठेवलेला फोन थरथरायचा. ॲप त्याच्याच कंपनीचं. एक दिवस खाडा नाही. तापानं फणफणला होता त्या आठवड्यातही नाही. लेक असावा तर असा, गाव म्हणायचं. गावाचं काय, जिभेला हाड नसतं.

"बोटं वळखते मी त्याची," आई येईल त्याला सांगायची. ते ऐकलं की योगीराजला घास गिळवत नसे. आज तिनं खरी बोटं ओळखावीत, एवढ्यासाठीच तो आला होता.

आईच्या टाचेला पट्टी होती.

"निखारा पडला, भावजी," वहिनी कुजबुजली. "चुलीपाशी बसल्या व्हत्या. वास आला तवा म्या पळत आले. आत्याबाईंनी हूं का चूं केलं न्हाय. लई सोशिक."

योगीराजला भरून आलं. तो खाली बसला, दोन्ही हात आईच्या पायांवर ठेवले, हळूच दाबले. मग कपाळ टेकलं.

आई शेंगा सोलत होती.

त्यानं आणखी जोरानं दाबले. डोळ्यांतलं पाणी तिच्या पावलावर पडलं. तिनं एक शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकले.

"अयोध्ये, सात वाजत आले असतील. फोन ठेव की गं पायावर."

वहिनीनं दिराकडं एकदा बघितलं आणि फोन त्याच्या हातांशेजारी ठेवला. त्याचा स्वतःचा फोन पिशवीत बंद पडला होता. त्यानं काही अडणार नव्हतं. ॲपमध्ये रोज सातची वेळ त्यानं लावून ठेवली, त्यालाच आता पावणेतीन वर्षं झाली होती.

सातला आईच्या पायावरचा फोन घुर्रर्र करू लागला.

आईनं कान टवकारले. तिचा चेहरा फुलला.

"आला बघ माझा योगीराज," ती म्हणाली. "बोटं वळखते मी त्याची."