शेवंतीची पोर्तुगीज

सलग तीन वर्गांना शेवंतीचा कॅमेरा बंद होता. चौथ्या दिवशी गौरवीने सरळ फोनच लावला.

"मावशी, सोडलात काय वर्ग?"

"माजी जीभच वळणा नाय गो. ती पोरां फाडफाड बोलतत. मी आपली माती खातंय."

गौरवी कारापूरहून ऑनलाइन पोर्तुगीज शिकवायची. बाकीचे सगळे परदेशातल्या नोकरीच्या आशेने आलेले. गोव्यातल्याच हरमलची अठ्ठावन्न वर्षांची शेवंती एवढीच निराळी. तिचा मुलगा तुषार लिस्बनला होता, बायको तिथलीच, आणि चार वर्षांच्या नातीला मराठीचा गंध नव्हता. रविवारी व्हिडिओवर पोर काहीबाही बोले. तुषार तिला उत्तर देई आणि मग आईला सांगे, "आजी बरी दिसता म्हणता." शेवंतीला ते आपल्या कानांनी समजून घ्यायचं होतं.

"मावशी, घरात वारा कुठून येतो?"

"जनेलातसून. आणि खयसून?"

"पोर्तुगीजमध्येही जनेलाच. आणि चहा कशाने ढवळता?"

"कुलेरान."

"तेही त्यांचंच. घरातली भाषा आहे मावशी, भिता कशाला?"

शेवंती हसली. दुसऱ्या दिवशी कॅमेरा सुरू झाला.

गौरवी वर्गानंतर तिच्यासाठी दहा मिनिटं जास्त थांबू लागली. लहान मुलं कशी बोलतात, काय विचारतात, तेवढंच शिकवी. शेवंती मासळी साफ करताना, पाहुण्यांच्या खोल्या झाडताना पुटपुटत राही. सहा महिन्यांनी गौरवीने तिला मुलांची एक पोर्तुगीज गोष्ट ऐकवली. शेवंतीने ती जशीच्या तशी मराठीत सांगितली. गौरवीच्याच डोळ्यांत पाणी आलं.

तुषारला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी शेवंती ठेवणीतली साडी नेसली. फोन मेजावर टेकवून बसली. नात पडद्यावर आली, थोडा वेळ पाहत राहिली, मग बापाकडे वळली.

"पपा, ही बाई दर रविवारी का दिसते?"

शब्द न् शब्द कळला. शेवंती उत्तर द्यायला पुढे सरली, पण तुषार आधी बोलला. हसत, पोर्तुगीजमध्येच.

"मी लहान असताना आमच्या घरी कामाला होती. तिला स्वतःचं कोणी नाही ना, म्हणून."

मग तो आईकडे वळला. "आये, आजी कशी आसा म्हणान इचारता."

शेवंतीने पदर सारखा केला.

"बरी आसंय म्हणान सांग."